आकडेमोड : वाटीभर वरणातली प्रथिनं

मंडळी, गेल्या अंकात घराच्या इन्शुलेशनची आकडेमोड केली होती. त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले, पण एका काकूंनी मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठून सुनावलं, "तुमच्या त्या आर-व्हॅल्यू ठीक आहेत हो, पण कधीतरी खाण्यापिण्याचं लिहा की!" योगायोग असा, की ह्या उन्हाळ्यात आमच्याकडे खाण्यापिण्याचीच आकडेमोड चालली होती. आणि ती गंमत म्हणून नव्हती.

मे महिन्यात आई पुण्याहून आली. वय 76, वजन 48 किलो. विमानतळावर व्हीलचेअर घेतली होती, ती आपण सगळेच आईवडिलांसाठी घेतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन दिवसांनी लक्षात आलं, की ती आमच्या बैठकीतल्या बुटक्या सोफ्यावर बसतच नाही. जेवणाच्या टेबलाची ताठ खुर्ची ओढून घेते. विचारलं तर म्हणाली, "त्यात बसलं की उठता येत नाही रे. हात धरायला कुणीतरी लागतं." हे तिने "आज दूध जरा पातळ आहे" अशा सुरात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी हीच बाई त्याच सोफ्यावर मांडी घालून शेंगा सोलत होती.

डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक, थायरॉईड ठीक, ड जीवनसत्त्व कमी. मग फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिला हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठ-बस करायला लावली. तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजतात. तिच्या वयाच्या बाईला निदान 10 वेळा जमायला हवं. आई 6 वर थांबली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "ह्यांच्या जेवणात प्रोटीन किती असतं?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "आम्ही शाकाहारी आहोत, पण रोज दोन्ही वेळा डाळ खातो." त्यावर त्या म्हणाल्या, "किती डाळ?"

मंडळी, मी वीस वर्षांहून जास्त काळ मोजमापाच्या धंद्यात आहे. आणि ह्या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घरी येऊन स्वयंपाकघरातला काटा काढला. (बायकोने तो केकसाठी आणला होता. केक दोनदा झाला.) आमच्याकडे चौघांसाठी अर्धा कप तुरीची डाळ कुकरला लागते. वजन केलं, 100 ग्रॅम. शिजवून, घोटून, आईला आवडतं तसं पातळ करून वरण तयार झालं, ते भरलं साधारण 800 ग्रॅम. आईची वाटी 150 ग्रॅमची. म्हणजे त्या वाटीत मूळ डाळ पावणेएकोणीस ग्रॅम. तुरीच्या डाळीत शेकडा 22 प्रथिनं. गुणाकार करा : 4 ग्रॅम. उरलेली वाटी म्हणजे पाणी, हळद, हिंग आणि आपली समजूत.

आई दुपारी एक वाटी घेते, रात्री अर्धी. म्हणजे दिवसाला डाळीतून 6 ग्रॅम. तीन पोळ्या, प्रत्येकी तीस ग्रॅम कणकेच्या, त्यांचे 11. भाताचे साडेतीन. वाटीभर दह्याचे 5, चहातल्या दुधाचे 3, भाजीचे फार तर 3. एकूण बत्तिसाच्या अलीकडे. आता लागतात किती? अमेरिकेतली जुनी शिफारस किलोमागे 0.8 ग्रॅमची, भारतातली 2020 सालची 0.83 ची. पण उतारवयात स्नायू आपणहून झिजत जातात, म्हणून 2013 साली ह्या विषयातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने म्हाताऱ्या माणसांना 1 ते 1.2 ग्रॅम सुचवले. आईच्या 48 किलोंना 48 ते 58 ग्रॅम हवेत. ती 32 वर चालली होती, आणि बाबा गेल्यापासून एकटीसाठी काय करायचं म्हणून पुण्यात बहुधा त्याहूनही कमी.

ह्यात एक विनोदी प्रकार निघाला. एकादशीला आई वरण-भात सोडून साबुदाण्याची खिचडी खाते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. पण त्यात तीस ग्रॅम दाण्याचं कूट पडतं, आणि शेंगदाण्यात शेकडा जवळजवळ 26 प्रथिनं. म्हणजे पावणेआठ ग्रॅम. उपवासाच्या दिवशी आईला कुटातून मिळत होतं ते रोजच्या दीड वाटी वरणापेक्षा जास्त! (भुईमूगही शेंगांच्याच कुळातला, तूर-मुगाचा चुलतभाऊ. उपवासाला भाऊ चालतो, तूर चालत नाही. का, ते मला विचारू नका.)

मग मी नेहमीप्रमाणे अतिरेक केला. शनिवारी इंडियन ग्रोसरीत जाऊन जितक्या डाळी-कडधान्यं मिळाली तितक्यांची पाकिटं आणली आणि सगळी लेबलं वहीत उतरवली. आणि पहिल्याच फटक्यात फसलो. तुरीच्या पाकिटावरून हिशेब केला तर शंभर ग्रॅमला 22, आणि अमेरिकन दुकानातल्या राजम्याच्या डब्यावर अर्ध्या कपाला जेमतेम 7. मी बायकोला म्हणालो, "राजमा अगदीच कुचकामी." ती म्हणाली, "अरे, एक कोरडी आहे आणि एक शिजलेला आहे." इतकी साधी गोष्ट! कोरडं कडधान्य शिजताना पाणी पिऊन दुप्पट-अडीचपट जड होतं. कोरड्या राजम्यात शेकडा साडेतेवीस प्रथिनं असतात, उकडल्यावर पावणेनऊ. मसुरात कोरडी साडेचोवीस, उकडल्यावर 9. मूग 24 वरून 7 वर येतो, कारण तो पाणी जास्त धरतो. प्रथिनं कुठे पळून जात नाहीत, पाण्यात वाटली जातात. पण तुलना करायची तर कोरड्याची कोरड्याशी करा. मासिकांतून, फोनवरच्या निरोपांतून ज्या याद्या फिरतात त्यांत निम्म्या वेळा हाच घोळ असतो.

कोरड्याशी कोरडं लावलं, की एक निराशाजनक सत्य कळतं : आपल्या डाळींत फरक फारसा नाही. हरभरा विसाच्या थोडा वर, तूर, कुळीथ, मटकी बाविसाच्या आसपास, राजमा आणि चवळी तेवीस-साडेतेवीस, मूग 24, मसूर आणि उडीद चोविसाच्या वर पंचविसापर्यंत. एवढ्या फरकावरून "तुरीपेक्षा मूग भारी" वगैरे वाद घालण्यात अर्थ नाही. वाटीत एक चमचा पाणी कमी घातलं तर तो फरक भरून निघतो. वेगळं निघतं ते फक्त सोयाबीन. अमेरिकन कोष्टकात 36, हैदराबादच्या पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात 43, आणि तिच्याच 2017 च्या नव्या कोष्टकात पुन्हा 36-37 च्या घरात.

एकाच पदार्थाचे आकडे असे हलतात कसे? वाण, जमीन, ओलावा ही कारणं आहेतच, पण मोजण्याच्या पद्धतीतही मेख आहे. प्रथिनं सहसा थेट मोजत नाहीत. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत, योहान केल्डाल नावाच्या रसायनतज्ज्ञाने धान्यातला नायट्रोजन मोजायची रीत काढली. प्रथिनांत साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या नायट्रोजनला सव्वासहाने गुणायचं. सोयाबीनला खरं तर 5.71 ने गुणायला हवं, असं जाणकार म्हणतात. नुसता गुणक बदलला तर त्रेचाळिसाचे एकोणचाळीस होतात! माझ्यासारख्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग सोयाबीन करूच नकोस, वास येतो त्याला."

आता गुणवत्तेकडे वळू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यातले काही मणी शरीराला घरी बनवता येत नाहीत, बाहेरूनच आणावे लागतात. गव्हा-तांदळात लायसिन नावाचा मणी कमी, डाळींत तो भरपूर. डाळींत मिथिओनिन कमी, ते धान्यात बरं. म्हणून वरण-भात, खिचडी, इडली ही जोडी जमते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मी फक्त किती डाळ लागते ते काढून पाहिलं. मोठ्या माणसाला दर शंभर ग्रॅम प्रथिनांमागे साडेचार ग्रॅम लायसिन लागतं. तांदळाच्या प्रथिनांत ते साडेतीनच्या थोडं वर, गव्हाच्या प्रथिनांत तीनाच्याही खाली, तुरीच्या प्रथिनांत 7. गणित केलं तर आठ वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घातली तरी भाताची उणीव भरून निघते. पण पोळीला तेवढ्यावर भागत नाही. अडीच भाग कणकेला एक भाग डाळ लागते. आपल्याकडे होतं नेमकं उलट. भाताबरोबर भरपूर वरण ओततो आणि पोळीबरोबर खातो बटाट्याची भाजी! घरात दूध-दही असेल तर हा हिशेब सैल होतो, कारण दुधात लायसिन पुरेसं असतं.

ही जोडी एकाच घासात जमवायची गरज नाही. फ्रान्सिस मूर लापे ह्या अमेरिकन लेखिकेने 1971 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात तसं सांगितलं होतं, आणि 1981 च्या आवृत्तीत प्रांजळपणे मागेही घेतलं. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

नुसत्या प्रथिनांच्या आकड्यावर डाळ निवडायची तर सोयाबीन सोडून सगळ्यांना मागे टाकेल अशी एक डाळ विदर्भात पिकते : लाख, लाखोळी. तिच्यात अठ्ठावीसच्या आसपास प्रथिनं. दुष्काळातही तग धरते. आणि महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडतात. तिच्यातल्या एका विषारी अमिनो आम्लामुळे हा रोग होतो. 1961 साली भारतात तिच्या विक्रीवर बंदी घातली गेली. तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ होई, ती रंगारूपाने जवळची म्हणूनच. गरिबाने मजुरीबदली मिळालेली डाळ खाल्ली आणि अधू झाला, अशा हकिगती आहेत. कोष्टकातल्या एका रकान्याकडे बघून निर्णय घ्यायची सवय आम्हा इंजिनिअरांना असते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

विषाचा विषय निघालाच आहे तर राजम्याचं सांगतो, कारण ते ह्या देशात राहणाऱ्यांच्या कामाचं आहे. 2003 साली मी एम.एस. करायला आलो तेव्हा आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. कुणीतरी यार्ड सेलमधून पाच डॉलरला स्लो कुकर आणला. सकाळी त्यात न भिजवलेला राजमा, टोमॅटो, मसाला टाकून आम्ही लॅबमध्ये गेलो. संध्याकाळी राजमा वरून मऊ, आत किंचित कच्चा. भुकेला काय कळतं! दोन तासांत चौघंही एका बाथरूमसाठी रांगेत. आम्ही बिचाऱ्या टोमॅटोंना दोष दिला. पुष्कळ वर्षांनी कळलं, की कच्च्या राजम्यात हीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, आणि चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या व्हायला पुरतात. खळखळून उकळलं की ते मरतं, पण 80 अंश सेल्सिअसच्या आसपास नुसतं गरम ठेवलं तर त्याचा त्रास उलट कित्येक पटींनी वाढू शकतो. स्लो कुकर नेमकं तेच करतो. तेव्हा राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि प्रेशर कुकरला लावा. कुकर नसेल तर भांड्यात आधी खळखळून उकळा, दहा मिनिटं तरी. मग हवं तर स्लो कुकरमध्ये घाला. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, त्याला ही भीती नाही.

मोड आणल्याने प्रथिनं वाढतात का? हा प्रश्न मला तिघांनी तरी विचारलाय. नाही वाढत. दाण्यात होती तेवढीच राहतात, पाणी वाढतं. इथल्या दुकानात मुगाचे लांब पांढरे कोंब मिळतात त्यांत शेकडा तीनच ग्रॅम प्रथिनं आहेत. मोडांचा फायदा दुसरीकडे आहे. क जीवनसत्त्व तयार होतं, आणि लोह अडवून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं. डाळींत लोह भरपूर, पण वनस्पतीतलं लोह शरीराला नीट उचलता येत नाही. वर लिंबू पिळलं तर जास्त उचललं जातं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. उसळीवर लिंबाची फोड ठेवणारी आजी बरोबर होती आणि जेवून उठल्याउठल्या चहा मागणारे आजोबा चूक होते.

बाकीच्या रकान्यांतलं एक-दोन सांगून पुढे जातो. फोलेट मुगात आणि चवळीत एवढं, की शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यात दिवसाच्या गरजेच्या दीडपट. घरात बाळाची चाहूल असेल त्यांनी लक्षात ठेवावं. कुळथात कॅल्शियम इतर डाळींच्या मानाने चांगलं, शंभर ग्रॅमला पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. हरभऱ्याची डाळ रक्तातली साखर अगदी सावकाश चढवते, आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या पुरुषांना त्याची गरज आहे. (पुरणपोळी खाताना हा मुद्दा काढू नये, त्यात गूळही असतो.) ज्यांची मूत्रपिंडं कमकुवत आहेत त्यांनी मात्र ह्यातलं काहीही माझ्या भरवशावर करू नये. प्रथिनं आणि पोटॅशियम दोन्ही त्यांना बेताने घ्यावं लागतं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

परत आईकडे येतो. अंडं ती खाणार नव्हती. माझ्या मुलीने, "आजी, केकमध्ये तर असतं की," असा बॉम्ब टाकून पाहिला. परिणाम एवढाच झाला, की आईने केक सोडला. प्रोटीन पावडरचा डबा आणला, त्याची चव तिने एकदा घेतली आणि डबा माझ्याकडे सरकवला. तेव्हा जे काही करायचं ते डाळी-दुधातूनच. अडचण होती ती भुकेची. तिचं पोट दोन वाट्यांत भरतं, आणि त्या दोन वाट्या आम्ही पाण्याने भरत होतो.

म्हणून पहिला बदल पाणी कमी करण्याचा. दुपारी पातळ वरणाऐवजी गोळा वरण, त्यावर तूप-लिंबू. त्यात पस्तीस ग्रॅम डाळ सहज जाते. सकाळी पोह्यांच्या जागी मुगाच्या डाळीची दोन धिरडी, चाळीस ग्रॅम डाळीची. ह्या दोन गोष्टींतच सतरा ग्रॅम झाले. रात्री एक दिवस पिठलं, एक दिवस मटकीची उसळ. दही एका वाटीचं दोन वाट्या. आणि झोपताना दूध.

आईने सगळं मुकाट्याने मानलं असं समजू नका. "हरभरा वातूळ, मसूर उष्ण, उडीद जड, रात्री उसळ बाधते," असा तिचा स्वतःचा तक्ता आहे आणि तो माझ्या तक्त्याहून चाळीस वर्षांनी मोठा आहे. मी आधी हसलो. मग पाहिलं तर वायू धरण्याचं कारण खरंच पुस्तकात आहे : रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि वायू सोडतात. भिजवून पाणी टाकलं, मोड आणले की त्या कमी होतात. सालं काढलेल्या मुगाच्या डाळीचा त्रास कमी, म्हणून आजाऱ्याला मुगाचंच कढण. आम्ही तह केला. उसळ दुपारी, रात्री मूग किंवा कुळीथ.

कुळथाने खरी कळी खुलली. आई माहेरची चिपळूणची. ग्रोसरीत "हॉर्स ग्राम" म्हणून पाकीट मिळालं, ते तिने स्वतः भाजलं, मिक्सरवर पीठ केलं आणि लसूण, आमसूल घालून पिठी केली. त्या रात्री भात दुसऱ्यांदा घेतला. दुसऱ्या आठवड्यात वाल भिजवले, मोड आणून सोलत बसली, डाळिंब्या झाल्या. माझ्या मुलीला शेजारी बसवून सोलायला शिकवलं. मुलीची नखं आणि आजीची बोलणी दोन्ही ऐकण्यासारखी होती.

कागदावर हा सगळा हिशेब 58 ग्रॅमचा होत होता. प्रत्यक्षात पन्नासाच्या आसपास असावा. झोपतानाच्या दुधाचा ग्लास आठवड्यातून चार वेळा नातीच्या पोटात जात होता, हे मला ऑगस्टमध्ये समजलं. शिवाय रोज खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम चालू होता, ड जीवनसत्त्वाची गोळी होती, आणि चार माणसांत जेवण होतं. तेव्हा श्रेय डाळीचं किती, व्यायामाचं किती आणि चिपळूणच्या पिठीचं किती, हे वेगळं काढता येत नाही. एका माणसावरचा प्रयोग हा प्रयोगच नव्हे, एवढं मी शिकलोय.

ऑक्टोबरमध्ये जायच्या आधी फिजिओवाल्या बाईंनी पुन्हा तीस सेकंद लावले. 9 झाले. दहावा अर्धा झाला आणि घड्याळ वाजलं. आई म्हणाली, "मोजा की तोही," पण बाईंनी काही मोजला नाही.

जाताना तिच्या बॅगेत काटा घातला. पुण्यात पोचल्यावर तिने तो शेजारच्या बाईंना दाखवायला नेला आणि अजून परत आणलेला नाही. रविवारी फोनवर मी विचारलं, "गोळा वरण करतेस ना?" म्हणाली, "करते. पण भाताला पातळच बरं लागतं रे. गोळा आधी नुसता खाऊन घेते, मग पातळ वाढून घेते."